दहा ओळींचा अर्धा तास

फोनवर बोलता बोलता दामिनी बोरकुटेनं एक वाक्य सहज फेकलं होतं. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागं तिचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. समोर गिऱ्हाईक उभं, हातात तापलेली सोल्डरिंगची कांडी आणि फोन मान वाकडी करून खांद्यावर दाबलेला. पलीकडून कोसमघाटच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव विचारत होते, “तुमचे चारही डबे सारखेच आहेत ना, बाई?”

“सारखे म्हणजे? सख्खे भाऊ,” दामिनी म्हणाली. “डब्यात फरक निघायचा नाही. निघाला तर माणसात निघेल.”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. फोन ठेवून ती गिऱ्हाइकाकडं वळली आणि बोललेलं विसरूनही गेली. पण बोललेलं असं कुठं जात नाही. ते कोणाच्या तरी दारात जाऊन बसतं, आणि तिथून उठून पुन्हा आपल्या दारात येतं.

या वेळी ते एका बाईच्या रूपानं आलं. पंचेचाळिशीची, उन्हानं करपलेली, काखेत जाळ्याचं गाठोडं. दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “तूच काय जी दामिनीबाई? मी कोसमघाटची आशाबाई डुमरे. तीन नंबर.”

“तीन नंबर काय?”

“तीन नंबरच्या हौदावरची. झोपाळू म्हंतेत तेच मी. दोन नंबरवाल्याले हौद पाहाले सांगून सकाळीच निंगाली.”

कोसमघाटच्या तलावाखाली संस्थेचे चार सिमेंटचे हौद होते. पावसाळ्यात त्यात मत्स्यजिरे वाढवत. जिरे म्हणजे नुकतीच अंड्यातून बाहेर पडलेली, जिऱ्याएवढी पिल्लं. हा माल फार नाजूक. दर अर्ध्या तासानं पाणी हलवावं लागतं, मेलेली अंडी वेचावी लागतात, गाळणीचं कापड धुवावं लागतं. आदल्या वर्षी राखणदारांना डुलक्या लागल्या आणि दोन हौद नासले. तेव्हा गुणवंतरावांना कल्पना सुचली आणि ती दामिनीनं डब्यात भरली. प्रत्येक हौदाशी एक डबा. दर अर्ध्या तासानं घंटी वाजायची, राखणदारानं काम उरकून लाल बटन दाबायचं, डब्यावरचा आकडा एकानं वाढायचा. एका घंटीला एकदाच. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तासांचे चोवीस. संध्याकाळी गुणवंतराव आकडे पाहून कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लिहायचे.

“माहे पयले नऊ दिवस चोवीस भरले,” आशाबाई सांगू लागली. “मंग वीस. रोज वीस. आज वीस दिवस झाले, वीसच. अध्यक्ष म्हंते, नव्याचे नऊ दिवस सरले, आता झोपा काढून राह्यली. मी म्हटलं, घंटीच मांगून वाजते जी. तर म्हंते, मशीनवाल्या बाईले इचारलं, डब्यात फरक नाई म्हंते, माणसात हाये. फळ्यावर लिवून ठेवलं तुहं बोलणं.”

दामिनीच्या हातातली कांडी तशीच राहिली.

“शनिवारी कमिटी हाये. मले काढतेत. मी गेली त गेली, पन संस्थेत नाव लागलेली पयली बाई मीच हावो. आमी बायकांनी जलमभर मासे डोक्शावर नेऊन इकले, पन हौद कवाच हातात नाई भेटला. आता म्हणतीन, पाह्यलं ना, बाईमाणसाले देऊन?”

दामिनीला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर विश्वास बसला नाही. डबे तिनं स्वतः बनवले होते. एकाच आराखड्याचे चार बोर्ड, एकाच पाकिटातले सुटे भाग, एकच प्रोग्रॅम. त्यातला एक तिनं दुकानात घड्याळ लावून तपासला होता, अर्ध्या तासाला बरोबर वाजला होता. म्हणून ती नुसतं विचारायचं म्हणून विचारती झाली, “बाकीच्यांचे किती भरतात?”

“दोन नंबर चोवीस, चार नंबर चोवीस. अन् एक नंबरवर चैतू, त्याचे सव्वीस.”

“किती?”

“सव्वीस. लय हुशार म्हंतेत त्याले. पंधरा ऑगस्टले छत्री देल्ली इनामात. भोंग्यावरून सांगलं गावाले, चैतूसारखं जागा, तीन नंबरसारखं झोपू नोका.”

दामिनीनं कांडीचं बटन बंद केलं. माणूस झोपून चोविसाचे वीस करू शकतो, तेवढं तिच्या गळी उतरत होतं. पण माणूस कितीही जागा राहिला तरी बारा तासांत सव्वीस अर्धे तास कुठून आणणार? वीस आकडा कमी पडला म्हणून सारं गाव त्यावर तुटून पडलं, आणि सव्वीस जास्त भरला म्हणून त्याला छत्री मिळाली! जास्त भरलं की कोणी विचारत नाही, ही आपल्याकडची जुनी खोड.

पुढं दामिनी स्वतःशीही कबूल करायची, की त्या दिवशी ती आशाबाईसाठी उठली नव्हती. ती त्या दोन जादा घंट्यांसाठी उठली. शटर ओढलं, अवजारांची पिशवी घेतली आणि आशाबाईबरोबर काळीपिवळीत जाऊन बसली.

कोसमघाटला पोचल्यावर तिनं मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि हौदांच्या मधोमध उभी राहिली. दोन आणि चार नंबर अर्ध्या तासाला वाजले, मिनिटभर इकडं तिकडं. एक नंबर अठ्ठाविसाव्या मिनिटालाच वाजला. तीन नंबर मात्र तिसाव्याला गप्प, बत्तिसाव्याला गप्प, आणि छत्तिसाव्या मिनिटाला आरामात वाजला.

“घ्या,” आशाबाई म्हणाली. एवढंच.

“एवढ्या दिवसांत कोणीच घड्याळ लावून पाहिलं नाही?”

“घड्याळ कार्यालयात, भिंतीवर. अन् मी सांगलं तर म्हंते, इंजिनेराच्या मशीनीपेक्षा तुले जास्त समजते काय?”

गुणवंतराव आले. माणूस वाईट नव्हता. संस्थेसाठी उन्हातान्हात फिरणारा, पण आकडा दिसला की त्याच्या पाया पडणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हनुवटी खाजवली. “म्हणजे डबे बिघडले. ठीक आहे, दुरुस्त करा. पण बाई, ते आज बिघडले की वीस दिवसांपूर्वी, हे कसं सांगणार? पहिले नऊ दिवस तर याच डब्यावर चोवीस भरले. वीस दिवस डबा मागं होता याचा पुरावा द्या, मी कमिटीपुढं ठेवतो. नाहीतर फळ्यावरचं तुमचंच वाक्य आहे.”

फळ्यावर खरंच ते होतं. सुवाच्य अक्षरात, खाली तिच्या नावासकट. दामिनीला कानकोंडं झालं.

आता हा किडा डोक्यात शिरला होता, तो काढल्याशिवाय तिला जेवण गोड लागणार नव्हतं. सख्खे भाऊ, मग चाल वेगळी का? प्रोग्रॅम बिघडला म्हणावं, तर तिनं एक आणि तीन नंबरच्या प्रोग्रॅम भरलेल्या चिपा खोबणीतून काढून आपसात बदलल्या. एक नंबर पळतच राहिला, तीन नंबर रेंगाळतच राहिला. म्हणजे दोष चिपेचा नव्हता. बॅटऱ्या बदलल्या, काही फरक नाही. तीन नंबरवर दुपारचं ऊन येत होतं, म्हणून त्यावर गोणपाट टाकलं. तरी छत्तीस मिनिटं. प्रत्येक प्रयोगाला अर्धा अर्धा तास थांबायचं, आणि तोवर आशाबाई हौदाच्या कठड्यावर बसून लाकडी सुईनं जाळं विणत असायची. मधेच उठायची, पाणी हलवून, गाळणी धुऊन पुन्हा येऊन बसायची.

चैतू छत्री उघडून उन्हात उभा होता. चाळिशीचा, उंच, लाजाळू माणूस. छत्री मिळाल्यापासून ती मिटायची कशी हे त्याला समजत नसावं. शेवटी तो हळूच जवळ आला. “बाई, रागावू नोका. तुमचा डबा माह्या रेडिओले तरास देते.”

“कसला त्रास?”

“दुपारी गाण्याचं टेसन लावतो मी, काट्यावर शंभरच्या थोडं पुढं. तिथी नुसती कुईकुई. आशाबाईच्या हौदावर बसलो का टेसन एकदम साफ. तिथी मंग कुईकुई खाली ऐंशीजवळ येते.”

दामिनी त्याच्याकडं पाहतच राहिली. मग एवढ्या जोरात हसली की चैतू दोन पावलं मागं सरला. आपल्याकडं ठोके मोजायचं यंत्र नाही म्हणून ती सकाळपासून चरफडत होती, आणि ते यंत्र या माणसाच्या खांद्यावर टांगलेलं होतं! काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हा.

तिनं दोघांना समजावून सांगितलं. चिपेला काम करायला ठोका लागतो, सेकंदाला दहा लाख. ठोके मोजून मोजून ती अर्धा तास ओळखते. ठोके पळाले की तिचा अर्धा तास लवकर संपतो, रेंगाळले की उशिरा. आणि एवढा जलद ठोका हवेतही पसरतो, रेडिओ तो पकडतो. रेडिओच्या काट्यावरचा एक म्हणजे दहा हजार ठोके, म्हणून दहा लाखांचा ठोका बरोबर शंभरला ऐकू येणार.

मग रेडिओची वरात निघाली. दोन नंबरजवळ कुईकुई शंभरला. चार नंबरजवळ शंभरला. एक नंबरजवळ शंभर सोडून एकशेआठच्या आसपास. तीन नंबरजवळ काटा खाली खाली आणावा लागला, आणि ऐंशी ओलांडण्याआधी, त्र्याऐंशीच्या सुमाराला, डबा ओरडला. छत्तीस मिनिटांचा हिशेब तोच येत होता. दामिनीला इतका आनंद झाला की तिनं आशाबाईचा हात धरून दाबला.

“पन तो काऊन मांगं पडला?” आशाबाईनं विचारलं. प्रश्न सरळ होता. उत्तर दामिनीला थोडं थोडं दिसू लागलं होतं आणि ते तिला आवडत नव्हतं.

ठोक्यासाठी क्रिस्टल लावतात. नखाएवढी पत्र्याची डबी, पण ठोक्याला पक्की. तसे क्रिस्टल दामिनीच्या खणात पडलेले होते. तिनं ते मोठ्या कामासाठी राखून ठेवले आणि इथं त्याऐवजी एक रेझिस्टर व एक चिमुकला कपॅसिटर जोडला. कपॅसिटर म्हणजे विजेचं इवलंसं मडकं. ते भरतं, रिकामं होतं, पुन्हा भरतं, तोच ठोका. मडकी दिसायला सारखी, पण एखादं गुंजभर लहान, एखादं मोठं. माशांच्या घंटीला कशाला एवढा थाट, असं तेव्हा तिला वाटलं होतं. आणि चारातला एकच डबा तपासून तिनं चारही पास केले होते. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण भात एका भांड्यातला असावा लागतो. इथं भांडी चार होती.

तिनं तीन नंबरचं झाकण काढलं आणि बोट त्या कपॅसिटरजवळ नेलं. बोट जवळ येताच रेडिओतली कुईकुई घसरत खाली गेली. बोट काढताच परत वर.

“मायबाई!” आशाबाईनं सुई खाली ठेवली. “मी पाहू?”

तिनंही बोट नेलं. आवाज घसरला. काढलं, चढला. पुन्हा नेलं. आशाबाई लहान मुलीसारखी हसली. वीस दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती, हे तिच्या गालांवरूनच कळत होतं.

“म्हणजे हात लागला का ते मंद होते?”

“हात, ओल, काहीही चिकटलं तरी.” बोलता बोलता दामिनीच्या ध्यानात आलं, की हे पुरेसं नाही. एक नंबरचं मडकं जन्मापासूनच लहान असेल. पण तीन नंबर पहिले नऊ दिवस नीट चालला होता. मधेच काहीतरी घडलं होतं. कधी घडलं, हे कळल्याशिवाय गुणवंतरावांना पुरावा मिळणार नव्हता, आणि शनिवार परवावर आला होता.

घंटी वाजली. आशाबाई उठली, काम केलं, बटन दाबलं. परत येऊन तिनं पिशवीतून लाल दोरा काढला आणि विणलेल्या जाळ्याच्या कडेला एक गाठ मारली.

“हे काय?”

“घंटी झाली का लाल दोरा बांधतो मी. दिवस सरला का दोन दोरे संग. आमच्या घरी असंच करतेत. माही माय तलावावर बसून इणे, अन् गावातली गिरणी बंद झाली का दोरा बांधे. कोण्या दिवशी किती काम झालं ते समजते.”

दामिनीनं जाळं हातात घेतलं. हातभर रुंद पट्टी, बारीक घरांची, लांबच लांब. शेवटच्या दोन लाल दोऱ्यांमधल्या ओळी तिनं मोजल्या. बारा. त्याआधीच्या? बारा. त्याच्याही आधी बारा.

“तुम्हाला अर्ध्या तासात बारा ओळी होतात?”

“नाई जी. दहा. काम धरून दहाच. लहानपणापासून दहा. दहा झाल्या का मी आपोआप उठतो, पानी हालवतो. घंटी मंग कवा वाजन तवा वाजन. कामाले घंटी कायले पाह्यजे?”

म्हणून तिच्या हौदातलं जिरं मेलं नव्हतं! दामिनी पाण्यावर वाकली. सगळ्या हौदांत याच हौदातली पिल्लं दाट होती, पाण्याला जणू जीव फुटला होता. रोज संध्याकाळी गुणवंतराव इथं येऊन डब्यावरचा आकडा वाचून गेले होते, आणि डब्याखालच्या पाण्यात त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

“गाठोडं सोडा,” दामिनी म्हणाली. 

दोघींनी आणि चैतूनं मिळून पट्टी बांधावर पसरली. चाळीस पावलं भरली, पन्नास भरली, साठ भरली. एका टोकाकडून मोजायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दोऱ्यांमध्ये दहा दहा ओळी, दोरे चोवीस. दुसऱ्या दिवशी तसंच. नवव्या दिवशी तसंच. दहाव्या दिवशी पहिल्या दोऱ्यापासूनच बारा, आणि मग शेवटपर्यंत बारा, बारा, बारा. दोरे वीस.

“इथं,” दामिनीनं बोट ठेवलं. “नवव्या दिवशी संध्याकाळी काय झालं?”

आशाबाई त्या जागेकडं पाहत राहिली. “लेप लावला,” ती हळूच म्हणाली.

“कशाला?”

“डोंग्याले. आमी दरसाली डोंग्याले, आमच्या लाकडी नावेले, लेप लावतो, राळ अन् जवसाचं तेल कढवून, वरून काजळी. थोडा उरला. उरलेला लेप फेकत नाईत आमच्यात, पान्यावर राह्यनाऱ्या वस्तूले लावून टाकतेत. तुहा डबा पान्यावरच राहे. अंदरून तारा हिरव्या पडून राह्यल्या होत्या, मुंग्या शिरे. म्हटलं, तेवढाच टिकन.”

दामिनीनं चार स्क्रू काढले आणि बोर्ड उलटा केला. सकाळपासून तिनं तो फक्त वरून पाहिला होता. खालच्या बाजूला काळसर, गुळगुळीत, एकसारखा थर होता. बोटानं इतक्या मायेनं लावलेला, की एकही कोपरा सुटला नव्हता. त्यावर श्रावणातली ओल बसली होती. ते इवलंसं मडकं आता लेपाचं वजन घेऊन भरत होतं.

तिनं फडकं रॉकेलमध्ये बुडवून थर पुसायला सुरुवात केली. चैतू रेडिओ धरून बसला. जसजसा लेप निघाला तसतशी कुईकुई वर सरकली. ऐंशी सुटलं, नव्वद आलं, नव्वदही मागं पडलं आणि आवाज शंभराच्या अलीकडं येऊन थांबला.

दामिनीनं मान वर केली, तर आशाबाईच्या डोळ्यांत पाणी. “म्हणजे मीच खराब केली,” ती म्हणाली. “माह्याच हातानं.”

त्यावर काय बोलावं हे दामिनीला तेव्हा सुचलं नाही. तिनं चारही डबे काढून पिशवीत भरले, आणि शुक्रवारी दिवसभर दुकान बंद ठेवून ते घेऊन बसली. मोठ्या कामासाठी राखलेले क्रिस्टल खणातून काढले, चारही बोर्डांना लावले, त्यानुसार प्रोग्रॅम बदलला. मग एक नाही, चारही डबे घड्याळासमोर मांडले. चौघे एका क्षणी वाजले. ते ऐकून तिला आनंद व्हायला हवा होता. तिला रडू आलं, कारण हे काम मोजून एका दिवसाचं होतं.

शनिवारी सकाळी डबे पुन्हा हौदांवर बसले. दुपारी कमिटी भरण्याआधी गुणवंतरावांनी जाळं पाहायला मागितलं. ते बांधावर मांडी घालून बसले आणि स्वतः ओळी मोजू लागले, एकेका घरावर बोट टेकवत. कोणी मधे बोललं की चुकायचे आणि दिवसाच्या सुरुवातीपासून पुन्हा. पहिल्या आठवड्यातला एक दिवस झाला, दोनशेचाळीस ओळी. वीसच्या आकड्यातला एक दिवस मोजला. दोनशेचाळीस. आणखी एक मोजला. दोनशेचाळीस.

“चोवीस दाहे दोनशेचाळीस,” ते पुटपुटले. “वीस बारे दोनशेचाळीस.” झोपलेल्या बाईच्या ओळी कमी भरल्या असत्या. हिच्या रोज तेवढ्याच होत्या. 

मग त्यांनी दामिनीला बाजूला घेतलं. “बाई, आशाबाईला काढत नाही. पण कमिटीत असं सांगू, की तिनं अजाणतेपणी लेप लावला आणि मशीन बिघडली. चूक झाली, माफ केली. तुमच्या नावालाही धक्का नको. गडचिरोलीकडच्या सहा संस्था हेच डबे मागून राहिल्या आहेत.”

आता दामिनीला सुचलं.

“चैतूभाऊच्या डब्याला कोणी लेप लावला होता, गुणवंतभाऊ?” तिनं विचारलं. “तो बिनलेपाचाच पळत होता. बोटभर लेपानं ज्याचा तास वाढतो ते घड्याळच नव्हे. अन् पाण्यावर ठेवायची वस्तू मी उघडी दिली, म्हणून त्यांना ती झाकावी लागली. ते काम माझं होतं.”

गुणवंतरावांनी मान हलवली. कमिटीतले लोक कार्यालयाबाहेर जमले होते, त्यांच्यासमोरच ते फळ्याकडं गेले, दामिनीचं वाक्य पुसलं, तीन नंबरपुढचे वीस पुसून चोवीस लिहिले. एक नंबरपुढं खडू अडखळला.

“माहेबी चोवीसच लिवा जी,” मागून चैतू म्हणाला. “अन् छत्री...” त्यानं ती पुढं केली. मिटलेली.

“राहू दे ती तुला. चोवीस तरी तू रोज भरलेच ना?”

सगळे हसले. आशाबाई हसली नाही. ती पदर खोचून फळ्यासमोर उभी होती.

“हे फळ्यावरचं झालं,” ती म्हणाली. “फळा कोण पाह्यते जी? तुमी मले झोपाळू फळ्यावर नोयतं म्हटलं. भोंग्यावर म्हटलं.”

 गुणवंतरावांनी कमिटीकडं पाहिलं, कमिटीनं जमिनीकडं. मग त्यांनी कार्यालयात जाऊन भोंग्याची पेटी उघडली, माईक फुंकून पाहिला. “कोसमघाटच्या सर्व लोकांना कळवण्यात येते,” ते म्हणाले, “की आशाबाई डुमरे ह्या झोपत नव्हत्या. त्या एक दिवससुद्धा झोपल्या नाहीत. मी चुकलो. झोपत होती ती मशीन.”

माईक बंद करायला त्यांचा हात गेला, तेवढ्यात दामिनीनं तो धरला.  सहा संस्थांचे लोक बाजाराला इथूनच जातात हे तिला माहीत होतं.

“ती मशीन मी बनवली,” ती म्हणाली. भोंग्यातून स्वतःचाच आवाज तलावावरून फिरून परत आला. “ब्रह्मपुरीची दामिनी बोरकुटे. फरक डब्यात नाही, माणसात आहे, असं मी म्हटलं होतं. फरक डब्यातच होता. चार बनवले अन् एकच तपासला. आशाबाईंनी तीस मिनिटं बरोबर मोजली, ती माझ्या मशीनला मोजता आली नाहीत.”

ती बाहेर आली तेव्हा आशाबाई केव्हाच हौदावर जाऊन बसली होती. दामिनी तिच्या शेजारी टेकली.  सुई चालू होती. आठ ओळी झाल्या, नऊ झाल्या. दहावी ओळ संपवून आशाबाईनं सुई खाली ठेवली आणि उठायला गुडघ्यावर हात टेकला, तोच चारही घंट्या एकदम वाजल्या.

आशाबाई तशीच थांबली. चारही हौदांकडं एकदा पाहून घेतलं. मग पाणी हलवून, गाळणी धुऊन, बटन दाबून परत आली, आणि पिशवीतून लाल दोरा काढून दहाव्या ओळीवर गाठ मारली.